ड्रम न उघडता

गॅरेजमधल्या मुलाने दोन सीटांच्या मधले प्लास्टिकचे आवरण उचलले, पान्हा आत घालून एक नट थोडा आवळला, आवरण जागच्या जागी बसवले आणि हात पुसत म्हणाला, ‘‘ओढून बघा, मॅडम.’’ मी ओढून पाहिले. सकाळपर्यंत जवळजवळ उभा होईपर्यंत वर येणारा हँडब्रेकचा दांडा आता तीन-चार खटक्यांतच अडत होता. पैसे विचारले तर गल्ल्यावरच्या मालकांनी ‘राहू द्या’ अशा अर्थाने नुसता हात हलवला. एवढ्या सौजन्यावर नाराज होणे शोभले नसते, म्हणून मी आभार मानून निघाले. पण घरी पोहोचेपर्यंत मनातली अस्वस्थता काही कमी झाली नव्हती. तक्रार गेली होती खरी, मात्र ती का उद्भवली हे कोणी विचारलेच नव्हते. चाकाकडे तर त्या मुलाने ढुंकूनही पाहिले नव्हते.

आमच्या इमारतीच्या तळघरातून रस्त्यावर येणारा उतार बराच तीव्र आहे आणि वर आल्यावर फाटकापाशी वाहनांच्या रांगेत थांबावेच लागते. या उतारावर हँडब्रेकशी माझी रोज गाठ पडते. क्लच अर्धा सोडायचा, इंजिनाचा आवाज किंचित जड झाला की दांडा हलकेच खाली करायचा, की गाडी मागे न सरकता पुढे निघते. वडिलांनी शिकवलेली ही पद्धत हाताला इतकी सवयीची झाली आहे की दांडा किती वर आला म्हणजे गाडी थांबते, हे मला न पाहता कळते. पावसाळ्यानंतर तो हळूहळू वर चढू लागला होता. आधी खटका-दोन खटक्यांचा फरक, मग कोपर मागे न्यावे लागे इतका. एखाद्या दुखण्याने महिनोन्महिने सूचना देत राहावे आणि ती सूचनाच बंद करून आपल्याला ‘बरे झाले’ असे सांगावे, असे काहीसे त्या नटाच्या बाबतीत झाले होते.

दांड्याचा हा निरोप येतो कुठून, ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. दांड्याच्या बुडाशी एक दातेरी पट्टी असते आणि तिच्यात अडकणारी एक खिटी असते. आपण ऐकतो ती ‘कर्रर्र’ त्या खिटीची. दांड्यापासून निघालेली पोलादी तारांची केबल गाडीच्या तळाखालून मागे जाते, वाटेत दोन्ही चाकांना सारखी ओढ मिळावी अशी तिची विभागणी होते आणि एकेक फाटा एकेका मागच्या चाकाच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात, शिरतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये मागे ड्रम ब्रेकच असतात आणि पायाच्या ब्रेकचे शू तेच हाताच्या ब्रेकचेही असतात. चंद्रकोरीच्या आकाराचे हे दोन शू समोरासमोर उभे असतात, बाहेरच्या कडेवर ड्रमला घासून गाडी अडवणारा करड्या रंगाचा थर, म्हणजे लायनर, चिकटवलेले असते. पायाने ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने वरचे छोटे सिलिंडर दोघांना बाहेर ढकलते. हाताचा ब्रेक ओढला की मात्र तेलाचा काही संबंध येत नाही. केबल मागच्या शूला जोडलेला एक चपटा लिव्हर ओढते, तो लिव्हर मधल्या आडव्या पट्टीला रेटतो, पट्टी पुढच्या शूला ड्रमवर दाबते आणि त्या रेट्याच्या उलट जोराने मागचा शूही ड्रमला जाऊन भिडतो. सगळा व्यवहार निव्वळ लोखंडाचा आहे. तेल गळून गेले, इंजिन बंद पडले, तरी तो चालतो, आणि म्हणूनच त्याला कायद्याने वेगळे स्थान दिले आहे.

लायनर झिजले की शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते. ही झीज हातापर्यंत पोहोचू नये म्हणून त्या आडव्या पट्टीतच एक बारीक दातेरी रचना केलेली असते. अंतर वाढले की पायाच्या ब्रेकने शू जरा जास्त बाहेर जातात, पट्टीचा एक दात पुढे सरकतो आणि पट्टी तेवढी लांब होते. लायनर अर्धे संपले तरी दांडा जवळजवळ तितक्याच खटक्यांवर अडायला हवा, अशी ही योजना आहे. म्हणजे दांडा भलताच वर येऊ लागला तर केबल ताणली गेली असेल, नाही तर ही पट्टी गंजून अडकली असेल, नाही तर लायनर पार तळाला गेले असेल. नट आवळल्याने या तिन्हींवर सारखाच पडदा पडतो. आणि याहून वाईट गोष्ट पुढे आहे. केबल जास्त आवळली की आतला लिव्हर आपल्या विसाव्याच्या जागी परत जात नाही, शू सदैव किंचित उचललेले राहतात आणि त्या दातेरी पट्टीला हालचाल करायला वावच उरत नाही. जी यंत्रणा आपोआप दुरुस्ती करणार होती, तिलाच ही दुरुस्ती बंद पाडते.

हे मला त्या दिवशी इतके नेमके माहीत नव्हते. पण कुठेतरी पाणी मुरते आहे, एवढे जाणवत होते.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि आमचे लहानपण कोकणातल्या बदल्यांच्या गावी गेले. खात्याची जीप दारात उभी राहिली की चालकाचे पहिले काम ठरलेले असे: खाली उतरायचे आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक ओढलेला असतानाही. मला तो त्या ब्रेकवरचा उघड अविश्वास वाटे, आणि ओढलेला ब्रेक असूनही जीपच्या टपाला धक्का दिला की ती जागच्या जागी थोडी पुढेमागे डुलते, हे आम्हा मुलांना ठाऊक असल्याने तो अविश्वास योग्यही वाटे. कारण फार पुढे समजले. त्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून गिअरबॉक्सच्या मागे, चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्यावर असे. ब्रेक त्या दांड्याला धरून ठेवी आणि दांड्यापासून चाकापर्यंतच्या दातेरी चक्रांमध्ये जेवढी ढिलाई असेल तेवढी जीप डुले. यातला खरा धोका पंक्चर काढताना होता. मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते मोकळे फिरू शकते, दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या डिफरन्शियल या चक्रांच्या जुळणीमुळे जमिनीवरचे दुसरे चाक उलट दिशेने फिरायला मोकळे होते आणि ब्रेक पूर्ण ओढलेला असूनही जीप जॅकवरून निसटू शकते. म्हणजे चालकाचा दगड हा अविश्वास नव्हता. आपला ब्रेक नेमका कुठे बसवलेला आहे याची त्याला जाण होती.

(घाटात चाकाला लावलेले दगड रस्त्याच्या मधोमध टाकून निघून जाणाऱ्या ट्रकवाल्यांविषयी मात्र माझे मत अजिबात उदार नाही. कुंभार्ली असो वा आंबोली, धुक्यात वळणावर असा दगड समोर आला की जीव अर्धा होतो.)

उतारावर उभी असलेली गाडी ‘काहीच करत नाही’ असे आपण समजतो. प्रत्यक्षात पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट चढणाऱ्या, म्हणजे वीस टक्क्यांच्या चढावर हजार किलोची गाडी सुमारे दोनशे किलोच्या जोराने खाली ओढली जात असते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १३-एच या नियमात मोटारगाडीच्या पार्किंग ब्रेकची कसोटी हीच आहे: भरलेली गाडी वीस टक्क्यांच्या चढावर आणि उतारावरही स्थिर राहिली पाहिजे, आणि त्यासाठी हाताला ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण चाळीस किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. हाताचा एवढासा जोर गाडी अडवतो, यात दांड्याच्या लांबीचा वाटा आहेच, पण ड्रमच्या एका जुन्या गुणाचाही आहे. फ्रान्समधल्या लुई रेनो यांनी १९०२ मध्ये प्रचारात आणलेल्या या रचनेत ड्रम ज्या दिशेने फिरू पाहतो, त्या दिशेकडचा शू घर्षणामुळे स्वतःच ड्रममध्ये अधिक ओढला जातो. गाडी मागे घसरू लागली तर मागचा शू हे काम करतो, पुढे घसरू लागली तर पुढचा. घसरण्याचा जो जोर आहे, तोच काही अंशी ब्रेकच्या कामी येतो. पायाच्या ब्रेकसाठी डिस्क, म्हणजे दोन बाजूंच्या पॅडांनी चिमटीत धरायच्या उघड्या चकत्या, आल्या, त्या तापून लवकर थंड होतात, पाण्यातून गेल्यावर लवकर कोरड्या होतात, हे सारे खरे. पण नुसते धरून उभे राहण्याच्या कामात या शंभर वर्षांहून जुन्या ड्रमला तोड सापडणे कठीण आहे.

शेवटी मी गाडी आमच्या ओळखीच्या एका काकांकडे नेली. ते दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले फिटर आहेत आणि आता घरामागच्या शेडमध्ये निवडक गाड्या पाहतात. त्यांनी दांडा एकदा ओढला, सोडला, आणि मान हलवून विचारले, ‘‘नट कुणी आवळला?’’ पहिले काम त्यांनी केले ते तो नट पूर्ण सैल करण्याचे. मग पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडी गिअरमध्ये टाकली, मागची बाजू उचलून लोखंडी स्टँडवर टेकवली आणि चाक काढले. गंजाची कडा धरलेला ड्रम सहजासहजी निघत नाही. हातोडीने बडवण्याऐवजी त्यांनी ड्रमच्या तोंडावरच्या आट्यांच्या दोन भोकांमध्ये बोल्ट घातले आणि ते आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेले. आपल्याच बोल्टांनी रेटला जाऊन ड्रम कुरकुरत बाहेर आला.

आतला वास मला अजून आठवतो: जळकट, कोरडा, आगपेटीच्या कडेसारखा. करड्या-काळ्या भुकटीचा थर सगळ्या स्प्रिंगांवर बसला होता. मी नकळत खाली वाकून फुंकर मारणार, तोच काकांनी हात आडवा धरला. पूर्वी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे आणि त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. आताचे चांगले लायनर ॲस्बेस्टॉसविना असले, तरी बाजारातून आलेल्या जुन्या लायनरमध्ये काय आहे हे पाहून कळत नाही, आणि भुकटी कसलीही असली तरी ती श्वासात घेण्याची वस्तू नव्हे. कार्यशाळेत आयुष्यभर हवेच्या नळीने ड्रम साफ करणारी माणसे त्यांनी पाहिली होती. त्याविषयी ते अधिक काही बोलले नाहीत. ओल्या फडक्याने त्यांनी सगळे हळूहळू पुसून घेतले आणि ते फडके पिशवीत बांधून टाकले.

डाव्या चाकाची दातेरी पट्टी गंजून एकजीव झाली होती. लायनर पुढच्या शूवर बरेच झिजलेले होते, मागच्यावर त्या मानाने जाड होते. हे स्वाभाविकच आहे, कारण पुढे जाताना ब्रेक दाबला की पुढचा शू जास्त काम करतो. उजव्या चाकात मात्र पट्टी सुरळीत चालत होती. म्हणजे गेले कित्येक महिने फाटकापाशी मी गाडी उभी करत होते, तेव्हा उतारावरचा बहुतेक भार एकटे उजवे चाक सोसत होते आणि नट आवळून त्या मुलाने दोन्ही केबलींना सारखेच ओढून उजव्यालाच आणखी जखडले होते. त्या दोन-तीन दिवसांच्या चालवण्यात उजव्या ड्रमच्या आत घासल्याच्या ताज्या, चकचकीत रेषा उमटल्या होत्या. मला त्या मुलाचा राग आला, आणि लगेच तो ओसरलाही. दिवसाला दहा गाड्या, प्रत्येक गिऱ्हाइकाला घाई, आणि ड्रम उघडतो म्हटले की ‘कशाला? पैसे काढायला का?’ असा चेहरा करणारी आपल्यासारखीच माणसे. नट आवळणे हे त्याला कोणी तरी काम म्हणूनच शिकवले असणार.

दोन्ही ड्रम एकदम उघडायचे नाहीत हा काकांचा दंडक. एका बाजूचे काम संपेपर्यंत दुसरी बाजू जोडलेलीच ठेवायची, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात, आकड्याचे तोंड आत की बाहेर, याचा घोटाळा झाला तर पाहायला नमुना राहतो. शू बदलायचे तर मात्र दोन्ही चाकांचे बदलायचे, नाही तर ब्रेक एका बाजूला ओढतो. त्यांनी स्प्रिंगाही नव्या घातल्या. ताप खाल्लेली स्प्रिंग दिसायला धडधाकट असते, पण शूला मागे खेचण्याचे बळ तिच्यात उरत नाही. सिलिंडरच्या रबरी टोप्या उलटून आत ओल नाही ना हे पाहिले. तेल किंवा ग्रीस लागलेले लायनर पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरायचे नाही, ते टाकूनच द्यायचे, कारण ते आत मुरलेले असते. ड्रमचा आतला व्यास मोजला, आणि ड्रमवरच ओतीव अक्षरांत दिलेल्या कमाल व्यासाशी तो ताडून पाहिला. मागच्या पत्र्यावर शू जिथे टेकून सरकतात त्या उंचवट्यांवर झीज होऊन खाचा पडल्या होत्या. त्या सपाट करून तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा नखाएवढा पातळ थर दिला. त्याहून जास्त ग्रीस म्हणजे पुढे ते वितळून लायनरवर जाणार.

पूर्वी लायनर संपले तरी शू फेकत नसत. ब्रेक लायनरवाल्यांच्या छोट्या दुकानांत जुने लायनर काढून, नवे तांब्या-पितळेच्या रिव्हेटांनी ठोकून तोच शू परत मिळे. काकांच्या शेडमध्ये तसल्या रिव्हेटांचा एक डबा अजून आहे. आता लायनर शूला चिकटवूनच येते आणि काम चांगले देते. तरी तो डबा त्यांनी टाकलेला नाही.

जोडणी झाल्यावर त्यांनी मला गाडीत बसवले आणि पायाचा ब्रेक जोराने, सावकाश, पुन्हा पुन्हा दाबायला सांगितले. हाताच्या ब्रेकला स्पर्श करायचा नाही. पहिल्या काही दाबांना मागून बारीक ‘टिक्’ ऐकू आले: पट्टीचे दात एकेक पुढे सरकत होते. आवाज थांबला तेव्हा शू आपापल्या जागी आले होते. मग कुठे केबलचा नट. ‘‘आधी आतलं, मग बाहेरचं,’’ एवढेच ते म्हणाले. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या खटक्यांच्या मर्यादेत दांडा अडेल इतपत नट आवळला, दांडा खाली केल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरतात का ते पाहिले आणि पहिला खटका ओढल्यावर दोन्हींना सारखीच घासणी येते का तेही पाहिले. या शेवटच्या दोन परीक्षांसाठी कसलेही यंत्र लागत नाही, आणि त्या गॅरेजमध्ये नेमक्या त्याच झाल्या नव्हत्या.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी पिंपरीला १९९५च्या सुमारास जुळणी झालेल्या पहिल्या मर्सिडीजपैकी एक आहे. तिला दांडा नाही. डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या पेडलने पार्किंग ब्रेक लागतो. मागे डिस्क आहेत आणि डिस्कच्या टोपीसारख्या मधल्या भागात, फक्त उभे राहण्यासाठी म्हणून, अगदी लहान दोन शू लपलेले आहेत. गाडी चालताना त्यांना काहीच काम नसते. त्यामुळे ते झिजत नाहीत, पण न वापरल्याने गंजतात, त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, कधी लायनर शूपासून सुटून आत खुळखुळू लागते. झीज नाही म्हणून कोणी पाहत नाही आणि पाहत नाही म्हणून बिघाड कळत नाही. त्यांची जुळवणी डिस्कच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून, दातेरी चाकी फिरवून करावी लागते: शू घासेपर्यंत पुढे, मग काही दात मागे. वापर होत राहावा म्हणून मैत्रीण आता सपाट जागीही तो ब्रेक लावते, आणि ते मला योग्य वाटते.

नव्या गाड्यांत दांड्याच्या जागी बटण आले आहे. बटण दाबले की मोटार गुणगुणते आणि किती ओढायचे ते संगणक ठरवतो. ज्या डिस्क-गाड्यांमध्ये पार्किंगसाठीही पॅडच डिस्कला धरतात, तिथे घाट उतरून तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड ढिली होऊ शकते. चांगल्या रचनेत मोटार थोड्या वेळाने ती पुन्हा घट्ट करते. ड्रमचे याच्या उलट आहे, तो थंड होताना शूंवर आणखी आवळतो. बटणाच्या सोयीविषयी माझी तक्रार नाही. गुडघे दुखतात तसे मनगटही दुखायचे वय आता दूर नाही. फक्त झीज हाताला कळण्याची वाट त्यात बंद होते आणि आपण पूर्णपणे पडद्यावरच्या दिव्यावर विसंबतो, याची हुरहुर वाटते.

ड्रममध्ये शू असे घट्ट टेकून राहण्याचा पावसाळ्यात मात्र वेगळा त्रास आहे. धुतलेली किंवा भिजलेली गाडी हँडब्रेक लावून आठवडाभर उभी राहिली की लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये गंज धरतो आणि निघताना मागून ‘टक्’ असा आवाज होऊन चाक सुटते. कधी सुटतच नाही, आणि जोर केला तर लायनरचा तुकडा ड्रमला चिकटून शूपासून वेगळा होतो. म्हणून चिपळूणच्या घरी गाडी ठेवून यायची वेळ आली, की मी ओले ब्रेक थोडे अंतर हलकेच दाबत चालवून कोरडे करते, सपाट जागा पाहून गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करते, पुढच्या-मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावते आणि दांडा खाली ठेवते. आईला हे मुळीच पटत नाही. दांडा खाली म्हणजे गाडी उघडी टाकली, असे तिचे मत. तिच्या समाधानासाठी आणि मागाहून गाडी नेणाऱ्या भाच्यासाठी मी स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधते: ‘हँडब्रेक लावलेला नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे, क्लच दाबूनच सुरू करणे. ठोकळे काढून डिकीत ठेवणे.’ ठोकळे मात्र तो दर वेळी अंगणातच विसरतो.